दुखण्याचा फॉर्म स्पॅनिशमध्ये नेताना

‘मे दुएले ला सिन्तुरा’ असं मेक्सिकोकडची बाई म्हणते, तेव्हा ती कंबर दुखते असंच सांगत असते, अगदी आपल्या कंबरदुखीच्या अर्थाने. तेच दुखणं स्पेनमधला माणूस ‘मे दुएलेन लोस रिन्योनेस’ म्हणून सांगतो. शब्दाला शब्द ठेवला तर मूत्रपिंडं दुखतात. छापील फॉर्मवर मात्र ‘सोना लुम्बार’ असतं, आणि तसं घरी दोघंही बोलत नाहीत. रुग्ण फॉर्म वाचतो, क्षणभर थांबतो आणि पुढच्या प्रश्नाकडे जातो. चौकट रिकामी राहिली की तपासणाऱ्याला वाटतं, याची कंबर ठीक आहे.

दुखणं मोजणाऱ्या अशा प्रश्नावल्या स्पॅनिशमध्ये नेण्याचं काम आम्ही अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी करतो. तिथे घरी स्पॅनिश बोलणारी माणसं 4 कोटींहून जास्त आहेत. त्यांत मेक्सिकन मुळाची सर्वाधिक. पण एकाच बाकावर ग्वातेमालाचा शेतमजूर, पोर्तो रिकोची आजी आणि कोलंबियाचा ट्रक ड्रायव्हर शेजारी शेजारी बसलेले असतात. तिघांची भाषा कागदोपत्री एकच. जुनाट दुखण्याला, म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला, रक्ताची तपासणी नाही आणि एक्स-रेसारख्या फोटोत ते दिसेलच असंही नाही. डॉक्टरच्या हातात असतो तो रुग्णाचा शब्द आणि त्याने गोल केलेला आकडा. म्हणून हा शब्द कुठून आला, याची आम्ही इतकी चिकित्सा करतो.

पहिली पायरी अनुवादाची नाही, शोधाची आहे. बहुतेक नावाजलेल्या प्रश्नावल्या स्पॅनिशमध्ये आधीच झालेल्या आहेत. रोनाल्ड मेल्झॅक यांची 1975 ची मॅकगिल प्रश्नावली, दुखण्याचं वर्णन करणाऱ्या 78 शब्दांची आणि 20 गटांची, 1980 च्या दशकापासून स्पॅनिशमध्ये आणली जाते आहे, आणि वेगवेगळ्या स्पॅनिशभाषी देशांत मिळूनही तिची पडताळणी, म्हणजे ती जे मोजायचं तेच मोजते का याची रुग्णांवरची पारख, झाली आहे. दुखणं किती आणि त्याचा अडथळा किती हे विचारणारी चार्ल्स क्लीलंड यांची ब्रीफ पेन इन्व्हेंटरी स्पेनमध्ये 2003 साली ‘कुएस्तियोनारियो ब्रेवे देल दोलोर’ म्हणून पडताळली गेली. कंबरदुखीची 24 वाक्यांची रोलंड-मॉरिस 2002 साली, मज्जातंतूंचं दुखणं ओळखणारी डीएन-4 2007 साली, दुखण्याविषयीचे भयभीत विचार मोजणारी 13 वाक्यांची पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल 2008 साली. (मराठीतही कंबरदुखीमुळे येणारी अडचण मोजणाऱ्या ओस्वेस्ट्री निर्देशांकाची पडताळलेली आवृत्ती 2013 पासून आहे. तरी कित्येक ठिकाणी प्रत्येक नवा विद्यार्थी तो पुन्हा पहिल्यापासून अनुवादित करायला बसतो. तसं करू नका.)

पण यांतल्या बऱ्याच आवृत्त्या स्पेनमधल्या रुग्णांवर पारखलेल्या आहेत. त्या जशाच्या तशा कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यात काम करणाऱ्या माणसासमोर ठेवणं म्हणजे पडताळणीचा शिक्का उसना घेणं. आमचं काम बहुतेक वेळा इथेच असतं: इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये नव्हे, तर एका स्पॅनिशमधून दुसऱ्या स्पॅनिशमध्ये.

हवी ती प्रश्नावली सापडली की परवानगी त्याच आठवड्यात मागून ठेवावी. ब्रीफ पेन इन्व्हेंटरीसाठी टेक्सासमधल्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राकडे जावं लागतं. इतरांचे मालक वेगळे. कित्येक ठिकाणी एक शब्द बदलायचा तरी लेखी संमती लागते. ती मिळत नसेल तर वाक्य तसंच ठेवून, विचारणाऱ्याने तोंडी काय स्पष्टीकरण द्यायचं याचा वेगळा कागद करावा, आणि तो सगळ्यांनी सारखाच वापरावा. प्रत्येक नर्सने आपापल्या परीने समजावलं तर जितक्या नर्स तितक्या प्रश्नावल्या होतात.

नव्याने अनुवाद करायचाच असेल तर रीत ठरलेली आहे. बीटन या संशोधिका आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेल्या पायऱ्या आजही पायाभूत धरल्या जातात: दोन स्वतंत्र अनुवाद, त्यांचा मेळ, दोन उलट अनुवाद, तज्ज्ञांची बैठक, मग 30 ते 40 जणांवर चाचणी, आणि शेवटी सगळी कागदपत्रं मूळ कर्त्यांकडे. दोन अनुवादकांपैकी एकाला विषय माहीत असतो, दुसऱ्याला मुद्दाम सांगितलेला नसतो. हा दुसरा जास्त उपयोगी पडतो. पहिला ‘लुम्बार’ लिहितो, दुसरा ‘एस्पाल्दा बाखा’, पाठीचा खालचा भाग. दोघं एकाच देशातले घेऊ नयेत. एक मेक्सिकोचा असेल तर दुसरा कॅरिबियन बेटांवरचा किंवा दक्षिण अमेरिकेतला. दोघांचं जिथे जमत नाही तिथे रुग्णांचंही जमणार नाही, हा इशारा फुकटात मिळतो.

सुरुवातीलाच एक एक्सेल शीट उघडावी आणि शेवटपर्यंत सोडू नये. प्रत्येक प्रश्नाला एक ओळ. स्तंभ असे: मूळ वाक्य, ते नेमकं काय मोजतं, पहिला अनुवाद, दुसरा, मेळ, उलट अनुवाद, बैठकीचा निर्णय, त्याचं कारण, तारीख. ‘नेमकं काय मोजतं’ हा स्तंभ लोक गाळतात, आणि मग बैठकीत तास-तास शब्दावर वाद चालतो. कारणाचा स्तंभ भरला नाही तर सहा महिन्यांनी तोच वाद पुन्हा होतो, कारण आधी काय ठरलं ते कुणालाच आठवत नाही.

उलट अनुवादाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्याच्यावर लोकांचा भलताच विश्वास असतो. स्पॅनिश मजकूर मूळ न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचा आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहायची. जुळली की सगळे निर्धास्त. आता मॅकगिलच्या छोट्या आवृत्तीतला ‘टेंडर’ घ्या. अर्थ असा की हात लावला तर दुखतं. नवशिका अनुवादक ‘तिएर्नो’ लिहितो. स्पॅनिशमध्ये तिएर्नो म्हणजे मऊसूत, मायाळू. मटण तिएर्नो असतं, आईचा स्वभाव तिएर्नो असतो. दुखरा खांदा तिएर्नो नसतो. पण उलट अनुवादात ‘तिएर्नो’चं बरोब्बर ‘टेंडर’ होऊन परत येतं, आणि चूक अंगठा उमटवून पास होते. योग्य शब्द होता ‘सेन्सिब्ले आल ताक्तो’, स्पर्शाला हळवं. तो परत येताना वेगळ्याच इंग्रजी शब्दांत येतो, आणि न जुळल्यामुळे बिचाऱ्यावरच संशय घेतला जातो. ‘सिव्हिअर’चं ‘सेवेरो’ हे तसंच. सेवेरो शिक्षक असतो, कडक शिस्तीचा. दुखणं ‘इन्तेन्सो’ किंवा ‘फुएर्ते’ असतं. अमेरिकेत राहून राहून लोकांच्या तोंडी ‘सेवेरो’ रुळतोय हे खरं, पण कालपरवा सीमा ओलांडून आलेल्या माणसाला तो तसा लागत नाही. म्हणून उलट अनुवाद फक्त ढोबळ चुका पकडायला वापरावा: गळलेला नकार, बदललेला काळ, सुटलेलं अर्धं वाक्य. शब्द बरोबर आहे का, हे त्याला विचारू नये.

दुखण्याचे शब्द ही या कामातली सर्वांत समृद्ध आणि सर्वांत निसरडी जागा. डीएन-4 मध्ये दहा बाबी आहेत, सात विचारायच्या आणि तीन तपासायच्या. प्रत्येकी एक गुण. चार किंवा जास्त भरले तर दुखणं मज्जातंतूंचं असण्याची शक्यता धरतात आणि औषधाची दिशा बदलते. म्हणजे एक शब्द कळला नाही तर चाराचे तीन होतात. आता इंग्रजी आवृत्तीत ‘पिन्स अँड नीडल्स’ आहे. त्याचं टाचण्या-सुया केलं की टोचणं उरतं. झिणझिण्यांच्या अर्थाला स्पॅनिशचा शब्द आहे ‘ओर्मिगेओ’. ‘ओर्मिगा’ म्हणजे मुंगी. पायाला मुंग्या येतात हे मराठी माणसाला समजावून द्यावं लागत नाही, आणि मेक्सिकोच्या माणसालाही नाही. गंमत म्हणजे डीएन-4 मुळात फ्रेंच आहे, आणि तिच्या फ्रेंच यादीतही झिणझिण्यांसाठी मुंगीवरूनच आलेला शब्द आहे. इंग्रजीवरून स्पॅनिश करणारा मुंगी सोडून टाचणीपर्यंत जातो आणि परत मुंगी शोधत बसतो. प्रश्नावली ज्या भाषेत जन्मली ती आवृत्ती समोर ठेवूनच काम करावं, हे यावरून पटतं.

याच यादीतली सातवी बाब खाजेची. स्पेनमधल्या आवृत्तीत तिथे ‘एस्कोसोर’ आहे. त्यात खाजेबरोबर चुरचुरीचीही छटा आहे. मेक्सिकोत खाजेला रोजचा शब्द ‘कोमेसोन’. बाकी अनेक देशांत ‘पिकासोन’. विजेचा झटका बसल्यासारखं या बाबीसाठी फॉर्मवर ‘देस्कार्गास एलेक्त्रिकास’ असतं. वाचून कळतं, पण मेक्सिकन माणूस स्वतः सांगताना ‘तोकेस’ म्हणतो. आणि ‘कालाम्ब्रे’पासून सावध राहायला हवं. स्पेनमध्ये पोटरीत गोळा आला तरी कालाम्ब्रे आणि तारेला हात लागून झटका बसला तरी कालाम्ब्रे. स्नायूचा गोळा आणि मज्जातंतूचा झटका वेगळे ओळखायचे, हाच तर प्रश्नावलीचा उद्देश. दोन्हींना पुरणारा शब्द तिथे चालत नाही. आग होण्याला मेक्सिकोत ‘आर्दोर’ चपखल बसतो. स्पेनमध्ये त्याने आधी छातीतली जळजळ आठवते, म्हणून तिकडे ‘केमासोन’.

डॉक्टरांच्या तोंडी ‘दोलोर सोर्दो’ फार. बारीक, मंद, सतत राहणारं दुखणं. शब्दशः बहिरं दुखणं. शिकलेल्या माणसाला हा प्रयोग ठाऊक असतो. शाळा चार यत्तांवर सुटलेल्या माणसाला कान आठवतो. इंग्रजीतल्या ‘एकिंग’ची अडचण निराळी: स्पॅनिशमध्ये दुखण्याच्या बहुतेक साऱ्या तऱ्हांना ‘दोलोर’ हे एकच छत्र आहे, त्यामुळे ‘दोलोर दुखरं आहे का’ असा अर्थहीन प्रश्न तयार होतो. अशा वेळी एका शब्दाचा हट्ट सोडून ‘जास्त काम केल्यावर अंग दुखतं तसं’ अशी पुस्ती जोडावी लागते. मराठीत हे सोपं गेलं असतं. ठणका, कळ, चमक, ठसठस, रग, भरून येणं असे शब्द आपण विचार न करता वेगळे वापरतो. पण म्हणून मराठीत अनुवाद सोपा, असं समजू नये. आपल्याकडे उलटी पंचाईत: इंग्रजीच्या एका शब्दाला तीन दावेदार उभे राहतात, आणि विदर्भातला व कोकणातला रुग्ण त्यांतला एकच निवडेल याची खात्री नाही.

शब्दांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, म्हणून तिथल्या चुका सापडतात तरी. न सापडणाऱ्या चुका साध्यासुध्या वाक्यांत लपतात. ब्रीफ पेन इन्व्हेंटरीत दुखण्यामुळे रोजच्या जगण्यात किती अडथळा आला हे सात बाबींवर शून्य ते दहात विचारतात: हालचाल, मनःस्थिती, चालणं, काम, इतरांशी संबंध, झोप, जगण्याचा आनंद. झोपेसाठी ‘सुएन्यो’ लिहिलं की तीन अर्थ एकदम येतात: झोप, स्वप्न आणि डोळ्यांवरची पेंग. ‘दुखण्याने सुएन्योवर परिणाम झाला का’ याला एखादी बाई विचार करून उत्तर देते, ‘नाही, स्वप्नं पडतच नाहीत.’ आकडा पडतो शून्य, आणि तिला तर रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो. ‘दोर्मीर’, झोपणं, हे क्रियापद घातलं की प्रश्न सरळ होतो. इतरांशी संबंध या बाबीत ‘रेलासियोनेस’ हा शब्द सुटा पडला की शरीरसंबंधाकडे झुकतो, जसा मराठीत ‘संबंध’ झुकतो. बाजूला मुलगी बसलेली असताना हे वाचणारी आजी ती ओळ मुकाट्याने सोडते. ‘एल त्रातो कोन ओत्रास पेर्सोनास’, लोकांशी वागणं-बोलणं, असं केलं की उत्तरं येऊ लागतात.

सरासरी दुखणं हा आणखी एक खड्डा. स्पेनमध्ये सरासरीला ‘मेदिओ’ किंवा ‘मेदिआ’ म्हणतात, आणि तो शब्द ‘अर्धा’ या अर्थानेही चालतो. अमेरिका खंडात सरासरीला ‘प्रोमेदिओ’. ‘दोलोर मेदिओ’ वाचून मध्यम दुखणं असा अर्थ घेतला की उत्तर पाचाभोवती घोटाळतं. ‘आत्ता, या क्षणी’ यासाठी मेक्सिकोच्या जिभेवर ‘आओरिता’ असतं, पण ते आपल्या ‘आत्ता येतो’ इतकंच लवचीक आहे. लेखी ‘एन एस्ते मोमेन्तो’च हवं. ‘ला सेमाना पासादा’ म्हणजे मागचा सोमवार ते रविवार की कालपर्यंतचे सात दिवस? मराठीतल्या ‘गेल्या आठवड्यात’सारखीच ही संदिग्धता आहे. म्हणून ‘एन लोस उल्तिमोस 7 दियास’ असं आकडा घालून लिहायचं आणि आकडा ठळक करायचा.

अंतराचं तसंच. ओस्वेस्ट्रीत मैल आणि यार्ड आहेत. नुसतं किलोमीटरमध्ये रूपांतर करून भागत नाही, कारण पायी चालणारा माणूस 400 मीटर मनात मोजत नाही. तो चौक मोजतो. एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंतचं अंतर मेक्सिकोत ‘क्वाद्रा’, स्पेनमध्ये ‘मान्साना’. मान्सानाचा दुसरा अर्थ सफरचंद. एसएफ-36 या आरोग्य प्रश्नावलीच्या स्पेनमधल्या आवृत्तीने ‘वारियास मान्सानास’ लिहून पुढे कंसात ‘काहीशे मीटर’ टाकलं, हे शहाणपणाचं. त्याच प्रश्नावलीत मध्यम कष्टाचं उदाहरण म्हणून असलेला गोल्फ काढून तिथे एक तासाहून जास्त चालणं घातलं. अनुवादाने शब्द बदलला, पण मोजायचे कष्ट जवळपास तेवढेच राहिले. अनुकूलन म्हणायचं ते याला.

काही शब्द सरसकट टाळण्याजोगे. ‘कोखेर’ स्पेनमध्ये उचलणं, मेक्सिको आणि अर्जेंटिनात अश्लील. ‘लेवान्तार’ सगळीकडे चालतो. बद्धकोष्ठासाठी ‘कोन्स्तिपादो’ नको, स्पेनमध्ये त्याने सर्दी समजतात. ‘एस्त्रेन्यीदो’ घ्या. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातली वेदनाशामकं, घेणाऱ्या रुग्णाला हा प्रश्न हमखास विचारावा लागतो. ‘इन्कापासिदाद’ हा शब्द मेक्सिकोत आजारपणाच्या रजेच्या कागदाला वापरतात. फॉर्मच्या मथळ्यावर तो दिसला की माणसाला वाटतं, या उत्तरांवर माझी रजा किंवा नोकरी ठरणार आहे, आणि मग तो गरजेनुसार आकडे वाढवतो किंवा लपवतो. त्याच कारणाने ‘कॅटॅस्ट्रोफायझिंग’ हे नाव आम्ही रुग्णाच्या प्रतीवर छापतच नाही. तुम्ही दुखण्याचा बाऊ करता, असं आधीच सांगून पुढे प्रश्न विचारायचे, हे बरं नाही.

आदरार्थाचा प्रश्न मराठी माणसाला चटकन कळेल. स्पॅनिशमध्येही ‘तू’ म्हणजे तूच. अनोळखी मोठ्या माणसाला ‘उस्तेद’ म्हणायचं. फॉर्म सगळा उस्तेदमध्ये असावा. इंग्रजीत एकच ‘यू’ असल्यामुळे, किंवा कुठून कुठून तुकडे जोडल्यामुळे, अर्ध्या फॉर्मात ‘तू’ आणि अर्ध्यात ‘उस्तेद’ अशी खिचडी बऱ्याचदा आढळते. लिंगाची अडचणही आपल्यासारखीच: ‘थकलो/थकले’. दोन्ही रूपं तिरकी रेघ मारून देण्यापेक्षा ‘थकवा जाणवला’ अशी रचना केली की वाक्य स्वच्छ राहतं.

उत्तरांचे पर्याय प्रश्नांइतकीच मेहनत मागतात. स्पेनमधल्या काही फॉर्मांत ‘अजिबात नाही’साठी ‘एन आब्सोलूतो’ असतं. हे सुटं वाचल्यावर काहींना ‘पूर्णपणे, नक्कीच’ असा नेमका उलटा अर्थ लागतो. ‘बास्तान्ते’ कुणाला ‘पुरेसं’ वाटतं, कुणाला ‘खूप’. प्रोमिस या अमेरिकेतल्या मोजपट्टीच्या स्पॅनिश आवृत्तीत पाच पायऱ्या अशा आहेत: नादा, उन पोको, आल्गो, मूचो, मूचीसिमो. सगळ्या देशांना चालेल अशी एकच स्पॅनिश करायचं धोरण त्यामागे आहे, आणि पर्यायांपुरतं ते छान साधलं आहे. तुमचे शब्द पारखायचे असतील तर एक सोपा उपाय: प्रत्येक पर्याय वेगळ्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा, कार्डं पिसा, रुग्णासमोर टेबलावर ठेवा आणि कमीपासून जास्तीपर्यंत लावायला सांगा. दोन मिनिटांचं काम. मधली दोन कार्डं हातात घेऊन माणूस घुटमळला, एक खाली ठेवून परत उचललं, की समजावं ती पायरी पक्की नाही. असं घुटमळणं दोन-तीन जणांत दिसलं तरी आम्ही शब्द बदलतो.

शून्य ते दहाची पट्टी सार्वत्रिक आहे असं धरून चालतात. मेक्सिकोत आणि स्पेनमध्ये शाळेतले गुण दहापैकी असतात. दहा म्हणजे पैकीच्या पैकी, सगळ्यात चांगलं. दुखण्याच्या पट्टीवर मात्र दहा म्हणजे सगळ्यात वाईट. म्हणून ‘दहा म्हणजे काय?’ असं आधी विचारून घ्यावं. दोन्ही टोकांना शब्द हवेतच, आणि दर प्रश्नाखाली हवेत, फक्त पहिल्या प्रश्नाखाली नव्हे. टोकाचे आकडे निवडण्याकडे स्पॅनिशभाषी उत्तरदात्यांचा कल जास्त असतो, असं अमेरिकेतल्या सर्वेक्षणांच्या अभ्यासांत नोंदलेलं आहे. इंग्रजी गटाशी तुलना करताना हे डोक्यात ठेवावं. त्याच वेळी ‘आग्वांतार’ हेही लक्षात ठेवावं. दुखणं सोसणं, चेहऱ्यावर न दाखवणं, यात माणसाची किंमत आहे असं मानणाऱ्या घरांत वाढलेला माणूस नऊ दुखत असताना सहा सांगतो. आपल्याकडच्या ‘सोसायचं’ या शब्दात जे सगळं येतं, ते यात आहे.

आता मुलाखती, म्हणजे वर सांगितलेली 30 ते 40 जणांवरची चाचणी. हीच पायरी सगळ्यात जास्त घाईत उरकली जाते आणि हिच्याचमुळे फॉर्म तरतो किंवा बुडतो. रुग्णाने फॉर्म भरायचा, आणि मग एकेका प्रश्नावर त्याला बोलतं करायचं. ‘कळलं का?’ असं कधीही विचारू नये. पांढऱ्या कोटासमोर सगळे ‘सी, सी’ म्हणतात. विचारायचं असं: हा प्रश्न तुमच्या बहिणीला तुम्ही कसा विचाराल? सात का लिहिलं, सहा का नाही? ही आकडेवारी देताना कोणता दिवस डोळ्यांसमोर होता? शेवटच्या प्रश्नाने काळाचा घोळ लगेच उघडा पडतो. माणूस ‘24 तास’ वाचून गेल्या महिन्यातल्या सर्वांत वाईट रात्रीविषयी बोलत असतो. ब्रीफ पेन इन्व्हेंटरीचा पहिलाच प्रश्न, की डोकेदुखी-दातदुखीसारखी नेहमीची दुखणी सोडून आज आणखी काही दुखलं का, इथे निम्मा वेळ जातो. दहा वर्षं रोज दुखणाऱ्या गुडघ्याला माणूस ‘नेहमीचं’च म्हणतो आणि ‘नाही’वर खूण करतो. प्रश्न त्याला कळलेला असतो, शब्दशः बरोबर कळलेला असतो, आणि उत्तर साफ चुकतं.

एका मुलाखतीला पाऊण ते एक तास धरावा. एका फेरीत सात-आठ जण, मग सुधारणा, मग नवे सात-आठ. 30 जणांना एकाच फेरीत बसवलं तर पहिल्या पाचांनी दाखवलेली चूक उरलेल्या पंचवीस जणांवर उगाच काढली जाते. देश, वय, शिक्षण यांची सरमिसळ ठेवावी, आणि कमी शिकलेल्यांचं पारडं जड ठेवावं. बैठकीत आणि मुलाखतींत ‘प्रोमोतोरा’ हवीच. वस्तीत आरोग्याचं काम करणारी, वस्तीतलीच बाई, आपल्या आशाताईंसारखी. तज्ज्ञ तासभर अडतात ते ती एका वाक्यात सोडवते. दुभाषी म्हणून रुग्णाच्या मुलाला बसवू नये. आई मुलापुढे खरं सांगत नाही, आणि मूल आईचं बोलणं सोपं करून सांगतं.

आणखी एक गोष्ट नोंदणीच्या वेळीच विचारावी: घरी लहानपणी कोणती भाषा बोलत होता? ओहाकाकडून आलेल्या शेतमजुराची मातृभाषा मिश्तेक किंवा सापोतेक असू शकते, ग्वातेमालाच्या माणसाची मायन कुळातली. स्पॅनिश त्यांची दुसरी भाषा. त्यांच्या अडचणींना स्पॅनिश अनुवादातली चूक समजून वाक्यं बदलत बसलं तर फॉर्म कुणाचाच राहत नाही.

वाचनीयतेसाठी इंग्रजीचं सूत्र लावू नये. स्पॅनिश शब्दांत अक्षरावयव जास्त असल्यामुळे सोपा मजकूरही त्या सूत्रात अवघड ठरतो. स्पॅनिशसाठी फर्नांदेस उएर्ता यांचं 1959 चं सूत्र आहे, ते वापरावं.

छपाईत जे बिघडतं ते पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. स्पॅनिश मजकूर इंग्रजीपेक्षा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा लांब होतो. एका मसुद्यात 0 ते 10 ची ओळ मावली नाही, दहाचा आकडा एकटाच खालच्या ओळीत गेला, आणि लोकांनी नवावरच थांबायला सुरुवात केली. शरीराच्या आकृतीवर उजव्या-डाव्यासाठी इंग्रजी आर आणि एल तशीच राहतात. तिथे ‘देरेचा’ आणि ‘इस्किएर्दा’ पूर्ण लिहावं. दुखणं किती ते रुग्णाने खूण करून दाखवायची, 100 मिलिमीटरची आडवी रेघ असलेली पट्टी स्पेनहून ए-4 कागदाच्या फाइलमध्ये येते. अमेरिकेत कागद लेटर आकाराचा, 297 ऐवजी 279 मिलिमीटर उंच. प्रिंटर ‘पानात बसवा’ म्हणून सगळं आक्रसतो आणि रेघ सुमारे 94 मिलिमीटर होते. बरोबर मध्यावर खूण करणाऱ्याचे 50 ऐवजी 47 गुण मोजले जातात. पहिली प्रत निघाली की पट्टी लावून रेघ मोजायची, दर वेळी. आणि संगणकातून फॉर्म देणार असाल तर ‘न्य’ (ñ) अक्षरावरची लाट तपासा. ‘आन्योस’ म्हणजे वर्षं. लाट गळली की तो शब्द गुदद्वाराचा होतो. किती वर्षांपासून दुखतं, हा तर पहिला प्रश्न. एखाद्या वयस्क बाईसमोर तो तसा येणं म्हणजे तिचा अपमान आहे, आणि तो पडद्यावर येईपर्यंत आपल्याला पत्ता नसतो.

संख्याशास्त्राविषयी थोडक्यात. अंतर्गत सुसंगतीसाठी, म्हणजे सगळे प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात का यासाठी, क्रोनबाख अल्फा हा आकडा किमान 0.70 पाहतात. पण अल्फा चांगला आला म्हणजे अनुवाद चांगला, असं नाही. सगळे प्रश्न एकाच दिशेने चुकले तरी अल्फा उत्तम येतो. पुन्हा-चाचणी, म्हणजे त्याच माणसांकडून तोच फॉर्म परत भरून घेणं, एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने घ्यावी आणि मध्ये दुखणं बदललं का हे वेगळं विचारून, न बदललेल्यांचेच आकडे ताडावेत. कोणत्या बाबी एका गटात पडतात हे पाहणाऱ्या घटक विश्लेषणाला बाबींच्या सातपट आणि किमान 100 माणसं हवीत. 24 वाक्यांच्या रोलंड-मॉरिसला 168. सारखंच दुखणं असलेले इंग्रजी आणि स्पॅनिश रुग्ण एखाद्या बाबीला वेगळी उत्तरं देतात का, ही तपासणी आवर्जून करावी. ‘सुएन्यो’सारखी बाब तिथे आकड्यांतही वर येते, आणि मग शीटवरचा कारणाचा स्तंभ उघडून पाहता येतो. शून्य ते दहाच्या पट्टीवर दोन अंकांची किंवा 30 टक्क्यांची घट म्हणजे रुग्णाला जाणवणारा आराम, हा आकडा मूळ अभ्यासांतला आहे. नव्या आवृत्तीत तो तसाच लागू पडतो, हे गृहीत धरू नये.

सगळं झाल्यावर प्रत्येक पानाच्या तळाशी भाषा, देश, आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापावी. मग दवाखान्यात स्वतः जावं आणि जुन्या प्रती गोळा कराव्यात: स्वागतकक्षाच्या खणातल्या, नर्सच्या क्लिपबोर्डवरच्या, फिजिओथेरपीच्या खोलीत झेरॉक्सची झेरॉक्स काढून ठेवलेल्या. एकाच रुग्णाने मार्चमध्ये जुना आणि जूनमध्ये नवा फॉर्म भरला, तर मधला फरक दुखण्याचा की कागदाचा, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही.